पास्टरचं विमान, चर्चची करमाफी आणि लोकांचा राग

बेलाग:
टेक्सासातले टीव्हीवरचे प्रवचनकार केनेथ कोपलंड. साध्या प्रवासी विमानातून जायचं म्हणजे सैतानांबरोबर एका लांब नळीत बसायचं, असं ते २०१५ मध्ये उघडपणे म्हणाले. २०१८ मध्ये त्यांच्या संस्थेने टायलर पेरी या अभिनेत्याचं गल्फस्ट्रीम विमान घेतलं. ते उतरवायला संस्थेचाच विमानतळ आहे आणि त्याला नावही कोपलंड यांचंच. तळ्याकाठचं सुमारे १८ हजार चौरस फुटांचं घर कागदोपत्री 'धर्मगुरूंचं निवासस्थान', म्हणून घरपट्टी माफ. ह्यूस्टनच्या एका दैनिकाने २०२१ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा ही माफी वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास निघाली.

टेक्सासात राज्याचा आयकर नाही. तिथल्या शाळांचा मोठा खर्च निघतो तो याच घरपट्टीतून. आपल्यातल्या ज्यांनी डॅलस-ऑस्टिनकडे घर घेतलंय त्यांना हा चटका चांगलाच ठाऊक असेल. म्हणजे यांच्या वाटचे पैसे तुम्ही भरताय.

माझं मत सरळ आहे: सगळ्या चर्चची करमाफी बंद करा. ख्रिस्ती धर्मगुरूंबद्दल तिथल्या लोकांचं मत बिघडलंय ते काही उगाच नाही. गॅलपच्या पाहणीत १९८५ मध्ये ६७ टक्के लोक धर्मगुरूंना प्रामाणिक मानत होते, २०२४ मध्ये ३० टक्के.

ओहायोवाली:
साफ असहमत. बेलाग, तुम्ही अमेरिकेतलं चर्च टीव्हीवर बघताय. आमच्या गावात मुख्य रस्त्यावर दगडी चर्च आहे. रविवारी साठेक डोकी, त्यातली निम्मी सत्तरीपुढची. पास्टर आठवडाभर शाळेची बस चालवतात. तळघरात दर गुरुवारी धान्यवाटप असतं, तिथे रांगेतल्या कोणाला धर्म विचारत नाहीत. ही काही अपवादाची गोष्ट नाही. २०२० च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत निम्म्या प्रार्थनास्थळांची नेहमीची हजेरी ६५ किंवा त्याहून कमी निघाली होती.

आता त्या दगडी इमारतीवर बाजारभावाने घरपट्टी लावा. दोन वर्षांत तिथे कॉफीचं दुकान येईल. कोपलंड मात्र वकील लावतील आणि सुखात राहतील.

आणि हा कायदा कोणी झोपेत केलेला नाही. १९७० च्या वॉल्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कर लावायचा तर सरकारला चर्चची किंमत ठरवावी लागेल, थकला तर जप्ती आणावी लागेल, आणि त्यातून सरकार धर्मात जास्तच अडकेल. निकाल सात विरुद्ध एक.

कागदी वाघ:
मी तिकडे सीपीए (तिकडचा सीए) आहे, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो. चर्चला आयकर माफ आहे, पास्टरला नाही. पास्टर आपल्या पगारावर कर भरतो. त्याची खरी चैन म्हणजे आयकरमुक्त घरभत्ता. चर्चने दिलेल्या घराची माफी १९२१ पासून, रोख भत्त्याची १९५४ पासून. नास्तिकांच्या एका संस्थेने त्याला आव्हान दिलं, ते २०१९ मध्ये अपिलात फेटाळलं गेलं.

पण माझ्या मते भोक दुसरीकडेच आहे. कुत्र्यामांजरांचा आश्रम चालवणारी संस्था असो की आपलं महाराष्ट्र मंडळ, दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो. पैसा किती आला, गेला, मोठे पगार कोणाला, हे कोणीही उघडून वाचू शकतो. चर्चला तो भरावाच लागत नाही. त्याशिवाय १९८४ च्या कायद्याने चर्चची करतपासणी इतकी अवघड केलीय की आधी वरच्या अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागतं.

सिनेटर ग्रासली यांनी २००७ मध्ये सहा बड्या प्रवचनकारांकडे हिशेब मागितले. कोपलंड, क्रेफ्लो डॉलर, बेनी हिन, पॉला व्हाइट वगैरे. जॉइस मायर आणि हिन यांनी सहकार्य केलं, बाकीच्यांनी पुरेसं केलं नाही. २०११ मध्ये अहवाल आला आणि दंड? काही नाही.

करमाफी ठेवा. हिशेब उघडे करा. ५० हजार डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी पोस्टकार्डाएवढा फॉर्म आहेच, ओहायोताईंच्या पास्टरना तो बसच्या फेऱ्यांमधल्या वेळात भरता येईल.

नाना गोखलेनगर:
धागा बाजूला नेतोय, पण शिर्डी संस्थानाला २००४ चा खास कायदा, वर सरकारने नेमलेली समिती. आणि तिकडे चर्चला हिशेबसुद्धा नको! आपल्या देवळांनी काय घोडं मारलंय?

कागदी वाघ:
नाना, शिर्डीचा वेगळा धागा काढा, तिथे कदाचित तुमच्या बाजूने लिहीन. पण अमेरिकेपुरतं बोलायचं तर तिथल्या करकायद्यात 'चर्च' म्हणजे मंदिर, मशीद, गुरुद्वारा, सिनेगॉग सगळंच आलं. न्यू जर्सीत तुमच्या भाच्याने ज्या देवळाला देणगी दिली आणि तिची वजावट घेतली, त्यालाही हीच सूट आहे. फॉर्म भरायचा झाला तर तो देवळालाही भरावा लागेल. मंजूर?

नाना गोखलेनगर:
मंजूर. आमच्या देवळात लपवण्यासारखं काही नसतं. (बहुतेक.)

वसईकरीण:
मी वसईची कॅथलिक, सध्या शिकागोजवळ राहते. बेलाग, तुमचा राग कळतो, पण शेवटच्या परिच्छेदात एका पास्टरवरून तुम्ही थेट सगळ्या ख्रिस्ती धर्मगुरूंवर घसरलात. धागा पाठवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "तुमच्या फादरकडे कुठलं विमान?" आमच्या फादरांना महिन्याचा ठरावीक भत्ता मिळतो, काही वर्षांनी बिशप बदली करतात आणि ते दोन बॅगा घेऊन निघतात. पॅरिशला, म्हणजे त्या-त्या भागाच्या चर्चला, अर्थसमिती असावीच लागते, चर्चचाच कायदा आहे तो. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे असंही नाही. जर्मनीत लिम्बुर्गच्या बिशपांनी निवासस्थान आणि आवारावर ३ कोटी युरोंहून जास्त उडवले, २०१४ मध्ये पद सोडावं लागलं. तिथे तर चर्चचा कर सरकारच गोळा करतं, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. त्या प्रकरणानंतर लोकांनी नावं काढून घेतली आणि तो करही थांबवला. राग काढायला तिथे निदान एक खिडकी आहे.

आणि एक सांगू? या विमानांवर सगळ्यात जास्त डोळा ठेवून असते डॅलसची ट्रिनिटी फाउंडेशन, आणि ती ख्रिस्ती संस्था आहे. ग्रासली स्वतः बाप्टिस्ट. म्हणजे चोर आणि पहारेकरी दोघे एकाच देवाचे. 'ख्रिस्ती लोक असेच' म्हणताना नेमके हे पहारेकरी विसरले जातात.

आपल्याकडे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी फक्त ते धर्मगुरू म्हणून विरोध केला होता. त्यांनी जन्मभर लिहिलं मराठीत, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढले. तो विरोध करणाऱ्यांनाही कुठल्यातरी टीव्ही पास्टरचं उदाहरण चाललंच असतं.

बेलाग:
वसईकरीण, धर्मगुरूंवरचा अविश्वास आणि शेजाऱ्याचा द्वेष यांत मी फरक करतो, मैत्रिणीला तसं सांगा. पण 'आमच्यावर अन्याय' हा सूर तिकडच्या बड्या पास्टरांनी लावला की हसू येतं. प्यू संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत ६२ टक्के अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. इतक्या बहुसंख्येला कोण छळणार?

फॉर्म ९९० वर कागदी वाघांशी सहमत. पण तेवढ्याने भागत नाही. राजवाड्याला 'निवासस्थान' म्हणायचं बंद करा. माफीला रकमेची मर्यादा घाला. साध्या घराएवढी माफी, वरचं भरा.

ओहायोवाली:
मर्यादेला माझी हरकत नाही. फॉर्मबद्दल मात्र तुम्ही सगळे फार आशावादी आहात. ह्यूस्टनचे जोएल ऑस्टीन घ्या. त्यांचं लेकवुड चर्च पूर्वीच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये भरतं, १६ हजार खुर्च्या. ते चर्चकडून पगारच घेत नाहीत, पैसा येतो पुस्तकांतून, आणि त्यावर कर लागतो. फॉर्ममध्ये काय दिसणार? पगार शून्य.

आणि मुळात विमान लपवलंय कोणी? लुईझियानाचे जेसी डुप्लांटिस यांनी २०१८ मध्ये ५ कोटी ४० लाख डॉलरच्या विमानासाठी भक्तांकडे जाहीर हाक दिली, वर म्हणाले की येशू आज असता तर गाढवावरून फिरला नसता. त्यांच्या पंथाची शिकवणच अशी की श्रीमंती हा देवाच्या कृपेचा पुरावा. तुम्ही देणगीचं 'बी' पेरायचं, देव पीक देणार. पास्टरचं विमान बघून भक्त चिडत नाही, त्याला वाटतं पेरणी फळते. विमान हीच जाहिरात! तुमच्या फॉर्मने ती फुकटात छापली जाईल.

कागदी वाघ:
भक्तासाठी नाहीच फॉर्म. तो करदात्यासाठी आहे. आणि काहीच दिसणार नसेल, तर बाकीच्या संस्था फॉर्म टाळायला एवढ्या का धडपडतात? फॅमिली रिसर्च काउन्सिल ही वॉशिंग्टनमधली राजकीय दबावसंस्था. २०२० मध्ये तिला करखात्याने 'चर्चचा संघ' म्हणून मान्यता दिली. फॉर्म ९९० बंद.

यात २०२५ ची भर घाला. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीने करमाफ संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायची बंदी आहे. त्या वर्षीच्या जुलैत करखात्याने टेक्सासच्या कोर्टात लिहून दिलं की पास्टरने प्रार्थनेच्या वेळी आपल्या मंडळींना कोणाला मत द्यावं हे सांगितलं तर तो बंदीचा भंग धरू नये. म्हणजे देणगीवर वजावट, हिशेब बंद, आणि वर प्रचार.

ओहायोवाली:
प्रचार आजचा नाही हो. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये डेमोक्रॅट उमेदवार पहिल्या बाकावर असतो, हे मी दर खेपेला बघते. तेव्हा कोणी फॉर्म मागितला नव्हता.

कागदी वाघ:
मी मागितला होता. त्यांच्याकडूनही हवा.