एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर सरकारी प्रयोगशाळा आणि पुढे कुलगुरुपद: हा रस्ता खरंच आहे का?

केगाव_नाका:
पुतणी इथे सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. ऑर्गेनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २२. तिला आधी एनसीएलसारख्या (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सरकारी प्रयोगशाळेत संशोधन करायचंय, नंतर विद्यापीठाच्या नेतृत्वात जायचंय. घरचे म्हणतात, आधी प्राध्यापक हो, कुलगुरू प्राध्यापकातूनच होतात. प्रयोगशाळेत २५-३० वर्षं घालवलेला माणूस कुलगुरुपदाला पात्र ठरतो का? आणि वयाची गणितं कुठे अडतात? जाणकारांनी नेमकं सांगावं.

बेंझिन_वलय:
घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८च्या नियमावलीत कुलगुरूसाठी दोन वाटा आहेत: विद्यापीठात प्राध्यापक म्हणून १० वर्षं, किंवा नामांकित संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत १० वर्षं. सोबत शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. म्हणजे दार उघडं आहे.

पण कुलगुरुपद फार लांब आहे, आत्ता नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा बघा. सीएसआयआर-नेटचा (सीएसआयआर म्हणजे एनसीएलसारख्या प्रयोगशाळा चालवणारी केंद्राची परिषद) रसायनशास्त्राचा पेपर २०० गुणांचा, वेळ ३ तास. भाग अ: २० पैकी १५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भाग ब: ४० पैकी ३५, प्रत्येकी २. भाग क: ६० पैकी २५, प्रत्येकी ४. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांतले २५ टक्के कापतात. मुलं पडतात ती भाग क मध्ये, २५चा आकडा भरायच्या नादात. १५ सोडवून १२ बरोबर आले तर ४८ वजा ३, म्हणजे ४५. तेच १२ बरोबर ठेवून उरलेले १३ अंदाजाने ठोकले आणि सगळे चुकले तर ४८ वजा १३, म्हणजे ३५. दहा गुण फुकट गेले.

दुसरी खोड ऑर्गेनिकवाल्यांची: क्वांटम, ग्रुप थिअरी, स्टॅटिस्टिकल थर्मो ऑप्शनला टाकायचं. तिथले प्रश्न ठरावीक साच्याचे असतात, सरावाने हमखास येतात. उलट ऑर्गेनिकचे लांबलचक रिॲक्शन सीक्वेन्स वेळ खातात.

जेआरएफला (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) वयोमर्यादा ३०, मुलींना ५ वर्षांची सवलत. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडे, मग एसआरएफ या वरच्या टप्प्याचे ४२,०००. एकूण मुदत ५ वर्षं. नुसतं 'लेक्चरशिप' (फक्त शिकवण्याची पात्रता) मिळालं तर ही फेलोशिप मिळत नाही, हा फरक घरी समजावून सांगा.

पाषाण_रोड:
वर जेआरएफच्या सवलतीचं आलंय, पण खरी कात्री नोकरीच्या जाहिरातीत आहे. सीएसआयआरमध्ये 'सायंटिस्ट' पदाला (वेतनाची लेव्हल ११, सुरुवात महिना ६७,७००) खुल्या गटासाठी वय ३२. जेआरएफमधली मुलींची पाच वर्षं इथे गृहीत धरू नका. हिशोब मांडा: २३ला एम.एस्सी., २४ला जेआरएफ, २९ला पीएच.डी., दोन वर्षं पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन), झाली ३१. हातात एकच वर्ष, आणि प्रयोगशाळेची जाहिरात काही दर वर्षी येत नाही. म्हणून नेटचा एक जादा प्रयत्नसुद्धा महागात पडतो. केंद्र सरकारची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप त्या फटीत कामाला येते. तिलाही सर्वसाधारण वयोमर्यादा ३२च, पण पाच वर्षांचा स्वतंत्र संशोधनाचा अवधी मिळतो.

आता वरचं टोक. सायंटिस्ट, सीनियर, प्रिन्सिपल, सीनियर प्रिन्सिपल, चीफ. मधे चार बढत्या, प्रत्येकीला साधारण चार-पाच वर्षं. म्हणजे चीफ सायंटिस्ट व्हायला पन्नाशी उजाडते. चीफ लेव्हल १४ला आणि विद्यापीठातला प्राध्यापकही लेव्हल १४ला, दोन्हीकडे सुरुवात १,४४,२००. नियमात संशोधन संस्थेच्या दहा वर्षांना लेव्हल लिहिलेली नाही, पण छाननीत 'प्राध्यापकाला समकक्ष कधीपासून?' हा प्रश्न येतोच. सीएसआयआरची निवृत्ती ६०ला. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्यात कुलगुरूची मुदत ५ वर्षं किंवा वय ६५, जे आधी येईल ते. पूर्ण मुदत हवी तर साठीच्या आत रुजू व्हावं लागतं. चीफ ४९ला झालं आणि तिथून १० वर्षं मोजली तर ५९. बघा किती काठावर आहे ते!

रंगपेटी:
उलटा रस्ताही आहे, तो कुणी सांगत नाही. के. वेंकटरामन आधी मुंबईच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) संचालक, मग १९५७ला एनसीएलचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्यानंतर आलेले बी. डी. टिळकही यूडीसीटीतूनच. दोघेही रंगद्रव्यांच्या रसायनातले, म्हणजे आपल्या चादरींच्या गावाला जवळचाच विषय. शांतिस्वरूप भटनागर बनारस आणि लाहोरला प्राध्यापक, मग सीएसआयआरचे पहिले प्रमुख, पुढे यूजीसीचे पहिले अध्यक्ष. लांब कशाला, आपल्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. एन. एन. मालदार पॉलिमर रसायनातले. तेव्हा प्राध्यापकी आणि प्रयोगशाळा यांची फारकत करू नका. पॉलिमर, रंग, कॅटॅलिसिस असा दोन्हीकडे चालणारा विषय पीएच.डी.ला घेतला तर दोन्ही जाहिराती भरता येतात.

नस्ती_क्रमांक_एक:
अर्ज पात्रतेत मरत नाहीत, कागदात मरतात. अल्मोड्याच्या सोबन सिंह जीना विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये टिकू दिली नाही, प्राध्यापकीची दहा वर्षं पूर्ण भरली नव्हती. लोकसेवा आयोगाच्या सदस्यत्वाचा काळ त्यात धरला गेला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाचंही असंच झालं. एकदा खुर्चीत बसलं की प्रश्न मिटला, असं नसतं.

प्रयोगशाळेतल्या माणसाच्या फायलीत हमखास नसतं ते: प्रत्येक बढतीच्या आदेशाची प्रत, प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात प्रमुख संशोधक म्हणून स्वतःचं नाव, विभागप्रमुखपदाचा लेखी आदेश ('काम बघत होतो' चालत नाही). सरकारी नोकरीतून अर्ज योग्य मार्गानेच जातो. ना-हरकत आणि दक्षता विभागाचा दाखला यांना आठवडे लागतात, म्हणून जाहिरात दिसली त्याच दिवशी अर्ज हलवायचा.

केगाव_नाका:
आभारी आहे. एकच शंका: प्रयोगशाळेत शिकवण्याचा अनुभव कुठून येणार?

पाषाण_रोड:
ॲकसिरकडून, म्हणजे सीएसआयआरच्या प्रयोगशाळांतून पीएच.डी. देणाऱ्या अकादमीकडून. प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञच तिचे अध्यापक असतात. कोर्सवर्कचे तास घ्यायचे आणि दर सत्राला विषय, तास, विद्यार्थी लिहिलेलं पत्र समन्वयकाकडून घ्यायचं. वीस वर्षांनी मागायला गेलं की समन्वयक निवृत्त झालेला असतो.