मदत हवी आहे: नेत्राणीला चष्मेवाल्याने स्नॉर्केलिंग कसं करायचं?

जानेवारीत मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा दादरहून कोकण रेल्वेने कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला जातोय. तिथून नेत्राणी बेट साधारण 19 किमी आत समुद्रात. बेटावर उतरता येत नाही, हे माहीत आहे. बोटीतून समुद्री गरुड आणि स्नॉर्केलिंग करत (तोंडात श्वासाची नळी धरून, पृष्ठभागाजवळ तरंगत) पाण्याखाली मासे, एवढंच हवंय. पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन खोल जायचं स्कूबा नको.

अडचण चष्म्याची. मला दोन्ही डोळ्यांना उणे 5 आहे, म्हणजे चष्म्याशिवाय गरुड आणि कावळा मला सारखेच! लेन्स लावून समुद्रात उतरू नका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय. डोळे आणि नाक झाकणाऱ्या साध्या पाण्याच्या मास्कच्या आत जुना चष्मा काड्या काढून चिकटवून पाहिला; तरणतलावात दहा मिनिटांत सुटला. नंबरचे पोहण्याचे गॉगल आहेत, पण त्यात नाक झाकलं जात नाही. मास्कमध्ये नाकातून हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो, गॉगलमध्ये ते जमत नाही; पाण्याखाली गेलं की ते डोळ्यांवर दाबले जातात, म्हणून तेही बाद. दोन बोटवाल्यांना फोन केला. एक म्हणाला, 'बघू', दुसरा म्हणाला, 'सगळं होईल'. यातलं काय जास्त घाबरवणारं आहे, देव जाणे.

मला सिलिंडरिक (दृष्टिवैषम्याचा) नंबर नाही. मुलाला चष्मा नाही. दोघांनाही पोहता येतं. मास्कसाठी बजेट तीन-चार हजार.

तयार नंबरच्या काचा बसवता येतील असा मास्क मुंबईत प्रत्यक्ष घालून बघून कुठे घेता येईल? आणि उणे 5 ला उणे 4.5 ची काच घेतली तर पाण्याखाली चालून जातं का?