३,००० मीटरवरच्या खर्सू-भोजपत्राच्या जंगलातला कार्बन : तीव्र उतारावर मोजणी कशी करावी?

रानवाटा

गढवालमध्ये चोपता-तुंगनाथ पट्ट्यात २,८०० ते ३,२०० मीटर उंचीवर ०.१ हेक्टरचे १२ प्लॉट टाकायचे आहेत. खाली खर्सू ओक आणि बुरांश, वर भोजपत्र. उतार बहुतेक ठिकाणी ३० अंशांच्या आसपास, माती दगडाळ. वनखात्याची परवानगी आहे, पण खोडाला भोक पाडून गाभा काढायची नाही.

सह्याद्रीत आपण घेर मोजतो, २०१४ चं शावे समीकरण (व्यास, उंची आणि लाकडाच्या घनतेवरून झाडाचं कोरडं वजन काढणारं) लावतो आणि कार्बनसाठी आलेल्या वजनाला ०.४७ ने गुणतो. इथे तेच चालेल का? मातीचं काय करायचं? आणि हेक्टरी साठ्याबरोबर 'दरवर्षी किती शोषला जातो' हाही आकडा हवा असेल तर जंगल आणि हवेतली वायूची देवाणघेवाण मोजणारा मनोरा उभारावाच लागतो का?

उतारमापक

समीकरणाकडे नंतर येऊ, आधी प्लॉटची आखणी. तिथली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

हेक्टर म्हणजे नकाशावरचं, आडव्या पातळीतलं क्षेत्र. ०.१ हेक्टरच्या चौरसाची बाजू ३१.६२ मीटर. ३० अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत धरून तेवढंच मोजलंत तर प्रत्यक्षात ०.०८६६ हेक्टरच हाती येतं, आणि भागाकार मात्र ०.१ ने होतो. साठा सरळ १३ टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून उताराच्या दिशेने ३१.६२ भागिले ०.८६६, म्हणजे ३६.५१ मीटर टेप सोडा. समोच्च रेषेवरच्या (एकाच उंचीवरून उताराला आडव्या जाणाऱ्या) बाजूला दुरुस्ती नको. प्लॉटमध्ये मध्येच उतार बदलत असेल तर पाच-पाच मीटरचे टप्पे करून टेप आडवा धरा आणि ओळंब्याने बिंदू खाली उतरवा. वेळखाऊ काम आहे, पण खात्रीचं.

छातीची उंची १.३७ मीटर, नेहमी चढाच्या बाजूला उभं राहून. बर्फाच्या भाराने बुंध्याशी वाकलेल्या भोजपत्राला १.३७ मीटर हे अंतर खोडाच्या लांबीने, झुकलेल्या बाजूच्या खालून मोजा आणि टेप खोडाला काटकोनात फिरवा. १.३७ च्या खाली फाटा असेल तर प्रत्येक खोड वेगळं धरा. भोजपत्राच्या सुटलेल्या सालीचे पापुद्रे हाताने दाबून बसवायचे, सोलायचे नाहीत. तक्त्यात 'घेर' आणि 'व्यास' असे दोन वेगळे रकाने ठेवा. घेराचा आकडा व्यास म्हणून गेला तर व्यासाचा वर्ग जवळजवळ दहापट होतो, आणि शेकडो ओळींच्या तक्त्यात अशी चार झाडं डोळ्यांतून सहज निसटतात.

उंची मोजताना झाडाच्या खालच्या बाजूला न जाता त्याच समोच्च रेषेवर उभे राहा. उंचीच्या सूत्रात (अंतर गुणिले शेंडा आणि बुंधा यांच्या कोनांच्या स्पर्शज्यांची, म्हणजे tan ची, बेरीज) आडवं अंतरच घाला. बुंधा डोळ्याच्या पातळीच्या वर असेल तर त्याच्या कोनाची स्पर्शज्या वजा होते, मिळवायची नाही.

आता शावे समीकरण. ते उष्णकटिबंधातल्या झाडांवरून बांधलेलं आहे, त्यामुळे खर्सू-भोजपत्राला लावू नका. भारतीय वन सर्वेक्षणाची प्रजातीवार आकारमान समीकरणं घ्या, त्याला लाकडाची मूलभूत घनता आणि फांद्या-पानांसाठीचा विस्तार गुणांक लावा. मूलभूत घनता म्हणजे ओव्हनमध्ये वाळवलेलं वजन भागिले ओल्या लाकडाचं आकारमान. इमारती लाकडाच्या पुस्तकात बहुधा १२ टक्के ओलाव्याची घनता छापलेली असते. ती घातली की साठा फुगतो.

खर्सूचा आणखी एक पेच आहे. चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं छाटलेल्या झाडाचा बुंधा जाड राहतो, पण वर फांद्याच नसतात, आणि जुनी खोडं आतून पोकळ असतात. समीकरणाला यातलं काही दिसत नाही. प्रत्येक झाडापुढे छाटणीची नोंद करा (नाही, अर्धी, जवळजवळ पूर्ण) आणि विस्तार गुणांक त्यानुसार कमी करा. लाकडी मुठीच्या हातोड्याने ठोकून पोकळ आवाज येतो का तेही लिहा. हा अंदाजच आहे, पण गावाजवळच्या प्लॉटमध्ये तो न केल्याचा फटका फार मोठा.

मातीपरीक्षक

मातीबद्दल सांगतो, कारण या उंचीवर थंडीमुळे कुजण्याची गती मंद असते आणि साठ्याचा मोठा वाटा जमिनीखाली सापडतो.

५ सेंटिमीटर व्यासाची कडी ठोकून मातीची घनता काढायची नेहमीची पद्धत इथे फसते. कडी दगडावर अडते, मग माणूस ती सरकवत सरकवत बिनदगडाच्या जागी ठोकतो आणि दगड हिशेबातून गायब होतात. त्याऐवजी २० × २० सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा घ्या, ०-१०, १०-२०, २०-३० असे थर वेगळे काढा. खड्ड्याच्या आकारमानासाठी पाणी वापरू नका, उतारावर त्याची पातळी एका काठाला टेकते. पातळ प्लॅस्टिक अंथरून चाळलेली कोरडी वाळू भरा आणि पृष्ठभागाच्या उताराबरोबर सपाट करा. मोठे दगड जागेवरच काट्यावर तोला. बाकी माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून तिचा थोडा भाग १०५ अंशांवर वाळवा. कार्बनच्या चाचणीचा नमुना मात्र हवेवरच सुकवलेला हवा.

हिशेब असा: ०.०४ चौरस मीटर क्षेत्रातून ३० सेंटिमीटरपर्यंत ७.२ किलो कोरडी बारीक माती निघाली आणि तिच्यात ३.५ टक्के कार्बन असेल, तर हेक्टरी ६३ टन. त्याच मातीला घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम घनता धरून दगड विसरलात तर ९४.५ टन. समीकरणांच्या वादात एवढा फरक क्वचितच पडतो.

खोली ओळंब्यात मोजली की उताराला काटकोनात, हे आधीच ठरवा. काटकोनात मोजली असेल तर आलेल्या साठ्याला उताराच्या कोज्येने (cos) भागावं लागतं.

वॉकली-ब्लॅक या रासायनिक चाचणीच्या पद्धतीत सगळ्या कार्बनचं ऑक्सिडीकरण होत नाही, म्हणून १.३ च्या आसपासचा गुणक लावतात, आणि वणव्याचा कोळसा तर तिच्यातून बराचसा सुटतो. निदान काही नमुने शुष्क ज्वलन यंत्रावर (नमुना जाळून कार्बन मोजणाऱ्या) तपासून घ्या. तिथे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर माती फसफसली तर चुनखडीचा कार्बन वेगळा काढायला हवा.

पाचोळ्यासाठी ५० × ५० सेंटिमीटरची चौकट पुरे, पण तारीख लिहा. खर्सूची जुनी पानं उन्हाळ्याच्या तोंडाला नव्या पालवीच्या सुमारास गळतात. त्याआधी आणि नंतर केलेल्या दोन मोजण्या शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

वाराझोत

मनोऱ्याबद्दल. तो साठा मोजत नाही, देवाणघेवाण मोजतो: हवेचा उभा वेग आणि कार्बन डायऑक्साइडची घनता सेकंदाला दहा वेळा नोंदवून दोन्हींचं सहप्रसरण (दोन्ही एकमेकांबरोबर किती बदलतात ते) दर अर्ध्या तासाला काढतात. कोलोरॅडोतल्या नायवॉट रिजवर ३,०५० मीटर उंचीच्या सूचिपर्णी जंगलात हे काम १९९८ पासून चालू आहे, त्यामुळे डोंगरातल्या अडचणी तिथून चांगल्या कळतात.

सगळ्यात मोठी अडचण रात्रीची. थंड, जड हवा उतारावरून ओढ्यासारखी खाली वाहते आणि मातीतून निघालेला वायू सेन्सरच्या खालूनच बाजूला नेते. यंत्राला श्वसन कमी दिसतं आणि जंगल खरं आहे त्यापेक्षा जास्त शोषतंय असा भास होतो. म्हणून शांत रात्रींची विदा (नोंदी) घर्षणवेगाच्या, म्हणजे हवेच्या घुसळणीच्या मापाच्या, मर्यादेने गाळतात आणि तापमानावरून भरतात. ही मर्यादा त्याच जागेच्या विदेतून काढायची, दुसरीकडची उचलायची नाही. दुसरी अडचण थंडीची. उघड्या मार्गाचा (हवा नळीत न ओढता जागेवरच मोजणारा) वायू विश्लेषक स्वतःच्या विजेने किंचित तापतो आणि बर्फाळ हिवाळ्यात, प्रकाशसंश्लेषण ठप्प असतानाही, शोषण दाखवतो. उष्णता आणि बाष्पामुळे हवेच्या घनतेत होणाऱ्या चढउतारांची वेब-पिअरमन-ल्यूनिंग दुरुस्ती केली तरी ही चूक वेगळी उरते. बंदिस्त मार्गाचं यंत्र घेतलं तर नळी तापवायला वीज लागते.

नायवॉटमध्ये बर्फ लवकर वितळून वाढीचा हंगाम लांबला त्या वर्षी शोषण उलट कमी झालं, कारण तिथली झाडं बर्फाच्या पाण्यावर जगतात. तुंगनाथला जून ते सप्टेंबर मान्सून असतो, तेव्हा हा निष्कर्ष तिथे जसाच्या तसा नेऊ नये.

तुमच्या उतारावर, १२ विखुरलेल्या प्लॉटांसाठी, मनोरा नको. झाडांना ॲल्युमिनियमचे बिल्ले लावा, १.३७ वर रंगाची रेघ मारा, निवडक खोडांवर घेरातली वाढ दाखवणारे स्प्रिंगचे पट्टे बसवा आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजा. पट्टा बसायला पहिला हंगाम जातो, तो आकडा टाकून द्या.

रानवाटा

पाच वर्षांनी उंचीही नव्याने मोजायची का? आणि मातीतला फरक?

उतारमापक

उंचीतली मोजणीची चूक पाच वर्षांच्या वाढीपेक्षा सहज मोठी असते, तेव्हा पहिल्या मोजणीतून व्यास-उंचीचा आलेख बसवा आणि दोन्ही वेळा तोच वापरा. मेलेली झाडं वजा, नव्याने किमान जाडी गाठलेली मिळवा. येणाऱ्या आकड्याला 'झाडांच्या जैवभारातली निव्वळ वार्षिक भर' म्हणा, 'जंगलाचं शोषण' नाही, कारण मातीचं श्वसन त्यात धरलेलंच नाही.

मातीपरीक्षक

मातीतला फरक पाच वर्षांत दिसणार नाही. सरासरी ६० टन आणि दहा खड्ड्यांत ३० टक्के तफावत असेल, तर प्रमाण त्रुटीच (सरासरीतली अनिश्चितता) ६ टनांच्या आसपास जाते. वर्षाचा बदल त्याच्या पुढे किरकोळ. साठा एकदा नीट मोजा, खड्ड्यांच्या जागा आणि उरलेले वाळवलेले नमुने लेबल लावून जपून ठेवा. पुढचे खड्डे जुन्यांपासून मीटरभर बाजूला, त्याच समोच्च रेषेवर घ्यायचे.