शब्दचर्चा: ‘वरचा इजिप्त’ नकाशात खाली का?

पाणवठा
मुलांच्या मासिकासाठी नाईल नदीवर लेख लिहितेय. ‘अप्पर इजिप्त’ आणि ‘लोअर इजिप्त’ला मराठीत काय म्हणावं, इथे गाडं अडलंय. अप्पर म्हणजे दक्षिणेकडचा भाग, लक्सर, अस्वान वगैरे. लोअर म्हणजे उत्तरेचा त्रिभुज प्रदेश, कैरोच्या खालचा. म्हणजे वरचा. बघा, घोळ झालाच. ‘ऊर्ध्व इजिप्त’ आणि ‘अधर इजिप्त’ असं एकाने सुचवलं, पण ते वाचून चौथीतलं पोर पान उलटेल. ‘वरचा’ लिहिलं तर नकाशात तो भाग खाली दिसतो. सरळ ‘दक्षिण इजिप्त’ लिहू का?

नस्ती उठाठेव
लिहा की. दक्षिणेला आहे तर दक्षिण. विषय संपला.

अडगळ
उठाठेवराव, विषय इथे सुरू होतो. वर-खाली हे नदीच्या हिशोबाने आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे वरच्या अंगाचा इजिप्त तो दक्षिणेचा. आपणही ‘नदीच्या वरच्या अंगाला धरण झालं’ म्हणतोच. तेव्हा नकाशा घेऊन बसलो नाही तर यात घोळ काहीच नाही.

पण प्राचीन इजिप्शियन भाषेत गंमत पुढे जाते. ‘खेंती’ म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणं, आणि तेच दक्षिणेला जाणं. ‘खेदी’ म्हणजे प्रवाहाबरोबर जाणं, आणि तेच उत्तरेला जाणं. त्यांच्या चित्रलिपीत ‘खेंती’पुढे शीड उभारलेली होडी काढतात, ‘खेदी’पुढे बिनशिडाची. कारण तिथला वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेला जायचं तर शीड उभारा, वारा वर नेतो. परतताना डोलकाठी आडवी करा आणि धारेला लागा. एका नदीवर दोन्ही बाजूंची फुकट वाहतूक! एवढा लांब, चिंचोळा देश इ.स.पू. 3100 च्या सुमारास एका राजाखाली आला, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

हे मेल्यानंतरही सुटत नाही. मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात 1920 मध्ये लाकडी होड्यांचे नमुने सापडले. काहींना शिडाची सोय, काहींना वल्ही. परलोकातही वर-खाली करायचं म्हणजे दोन्ही तऱ्हेच्या होड्या हव्यातच.

पाटकरी
आमच्या पाटबंधाऱ्यात उलटं. आम्ही पाण्याबरोबर तोंड करून उभे राहतो. नीरा डावा कालवा बारामतीकडे जातो आणि उजवा फलटण, माळशिरसकडे, कारण नीरा पूर्वेला वाहते आणि पाण्याच्या दिशेने पाहिलं की बारामती डाव्या हाताला येते. धरणाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला विचारलंत तर तो बारामती उजवीकडे दाखवेल. नवीन पोरांचा पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो.
इजिप्तवाले कुठे तोंड करायचे?

अडगळ
पाटकरीकाका, नेमका प्रश्न विचारलात. ते उगमाकडे तोंड करायचे, म्हणजे दक्षिणेकडे. ‘खेंत’ या धातूतच ‘पुढचा, समोरचा’ हा अर्थ आहे. दक्षिणेला तोंड केलं की उजवा हात पश्चिमेला येतो, डावा पूर्वेला. म्हणून त्यांच्या भाषेत ‘इमेन’ म्हणजे उजवा आणि ‘इमेंतेत’ म्हणजे पश्चिम. ‘इआब’ डावा आणि ‘इआबेत’ पूर्व.

आता यात श्रद्धा कशी मिसळते पाहा. सूर्य पश्चिमेला मावळतो, म्हणून मेलेले लोक ‘पश्चिमेकडचे’. अबायडॉस या गावच्या एका देवाचं नावच ‘खेंती-इमेंतिऊ’, म्हणजे पश्चिमेकडच्यांचा अग्रणी, मृतांचा म्होरक्या. पुढे ओसायरिस या मृतांच्या मोठ्या देवाने त्याला पोटात घेतलं आणि नाव ओसायरिसचं बिरुद झालं. या एका नावात नदी (खेंत, पुढचा) आणि मावळता सूर्य (इमेंत, पश्चिम) एकत्र बसलेत.

पूर सुद्धा समोरून यायचा. हापी, म्हणजे पुराचा देव, अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटापाशी गुहांतून बाहेर पडतो अशी समजूत होती. प्रत्यक्षात पाणी यायचं इथिओपियाच्या पठारावरच्या पावसाळी पावसाचं, आणि पाऊस पडायचा आपल्या मोसमाच्याच महिन्यांत. पण इजिप्तच्या शेतकऱ्याला तो पाऊस दिसत नव्हता. आभाळ कोरडं आणि नदी चढतेय. देव मानला नाही तरच नवल.

नस्ती उठाठेव
म्हणूनच पिरॅमिड बहुतेक पश्चिम तीरावर! गिझा, सक्कारा, बघा. पुरलं की पश्चिमेला, नियमच.

माळरान
नियम म्हणू नका. थीब्जमध्ये, म्हणजे आजच्या लक्सरला, तसं आहे खरं, कर्नाकचं देऊळ पूर्व तीरावर आणि राजांच्या थडग्यांचं खोरं पश्चिमेला. पण बेनी हसनची खडकात खोदलेली थडगी पूर्व तीरावर आहेत. तिथे नदीच्या पूर्वेला कडा अगदी जवळ येतो आणि पश्चिमेला रुंद शेतजमीन आहे. पिकती जमीन कोण खोदणार थडग्यांसाठी? अखेनातेन राजाने अमार्नाला नवी राजधानी वसवली, तिथली थडगीही पूर्वेच्याच टेकड्यांत. श्रद्धा बोट दाखवते, पण खडक कुठे आहे तेही पाहावं लागतं.

शिवाय शवपेट्या पाहा. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वी, प्रेत डाव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, तोंड पूर्वेला. पेटीच्या पूर्वेकडच्या फळीवर बाहेरून दोन डोळे रंगवलेले असतात, प्रेताच्या चेहऱ्यासमोर. आतल्याला उगवता सूर्य दिसावा म्हणून. म्हणजे मुक्काम ‘पश्चिमेकडच्यांत’ आणि नजर उगवतीवर.

पाणवठा
हे डोळे मी मुलांना नक्की सांगणार. पण मूळ प्रश्न तसाच आहे हो.

तळकोकणी
थांबा, वाऱ्यावर बोलायचंय. आमच्याकडे सुद्धा वर म्हणजे घाटावर, म्हणजे पूर्वेला. खाली म्हणजे समुद्राकडे. दिशा कशाला लागते? ‘खाली बाजारात जाऊन येतो’ म्हटलं की झालं. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकवतात, तेही जमिनीवरून येणारा आणि दर्यावरून येणारा. मच्छीमाराला उत्तर-दक्षिण नंतर, आधी वारा.

माळरान
यावरून मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आलाच. तिथे तर दिशेलाच वारा म्हणतात. सुमेरी भाषेत ‘इम’ म्हणजे वारा, आणि चार दिशा म्हणजे चार ‘इम’. पूर्व म्हणजे ‘इम-कुर-रा’, डोंगराकडचा वारा, कारण पूर्वेला झाग्रोस डोंगराच्या रांगा. पश्चिम म्हणजे ‘इम-मार-तू’, मार्तूंचा वारा. मार्तू म्हणजे पश्चिमेच्या रानात मेंढरं घेऊन फिरणारे लोक. पुढे अक्कादी भाषेत पूर्वेला ‘शादू’ म्हणाले आणि शादू म्हणजे सरळ डोंगर. पश्चिम झाली ‘अमुर्रू’, पुन्हा त्याच लोकांच्या नावाने.

दक्षिणेच्या वाऱ्याला तर पंख आहेत. अदापा नावाच्या माणसाची कथा आहे, तो अदापा मासे धरायला जातो, दक्षिणवारा त्याची होडी बुडवतो, आणि हा रागाने शाप देऊन वाऱ्याचा पंख मोडतो. मग सात दिवस वारा बंद. तळकोकणींना हे पटेल.

पण मला सगळ्यात आवडतो तो शब्द ‘कुर’. चिन्ह म्हणजे तीन टेकड्या. अर्थ तीन: डोंगर, परका देश, आणि मृतांचा लोक. सपाट गाळाच्या मैदानात राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. दगड नाही, चांगलं लाकूड नाही, धातू नाही. हे सगळं डोंगरातून येतं, आणि लुटारूही डोंगरातूनच येतात. जे आपलं नाही ते सगळं ‘कुर’. अशा मैदानातल्या निप्पूर शहरात एनलिल या मोठ्या देवाच्या देवळाचं नाव काय, तर ‘ए-कुर’, डोंगर-घर. आणि खुद्द एनलिलचं बिरुद ‘कुर-गल’, मोठा डोंगर. ज्याची धास्ती तेच देवाचं नाव. उर शहरातला झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेला देवळाचा चौथरा, उर-नम्मू राजाने इ.स.पू. एकविसाव्या शतकात बांधायला घेतला, तो विटांचा, सांध्यात डांबर. डोंगर नाही तर रचून काढा.

अडगळ
वा. आणि इजिप्त आणि मेसोपोटेमिया एकमेकांना भेटले तेव्हा काय झालं ते सांगतो. इजिप्तचा राजा पहिला थुटमोस इ.स.पू. 1500 च्या आसपासचा. त्याच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षीचा लेख नाईलच्या तिसऱ्या धबधब्याजवळ, आजच्या सुदानमधल्या टोंबोसला खडकावर कोरलेला आहे. त्यात राज्याची उत्तर सीमा म्हणून मेसोपोटेमियाची युफ्रेटिस नदी येते. आता ही नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. इजिप्शियन माणसाच्या भाषेत ‘प्रवाहाबरोबर’ म्हणजेच ‘उत्तरेला’! मग लिहायचं कसं? त्याने लिहिलं, ‘ते उलटं पाणी, जे वर जाता जाता खाली वाहतं.’ बिचाऱ्याच्या शब्दकोशात दुसरी सोयच नव्हती.

पावसाचंही तेच. अमार्नाला आय नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात आतेन या सूर्यदेवाचं मोठं स्तोत्र कोरलंय, त्यात परदेशी लोकांसाठी देवाने ‘आकाशात हापी’ ठेवला असं म्हटलंय. म्हणजे पाऊस ही दुसऱ्यांची, आकाशातली नाईल. खरा हापी आपला, जमिनीखालून येणारा.

नस्ती उठाठेव
हसू नका त्यांना. आपलं काय? दक्षिण म्हणजे उजवा. पूर्वेला तोंड करून उगवत्या सूर्यासमोर उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला. पूर्व म्हणजे पुढचं, पश्चिम म्हणजे मागचं. प्राची-प्रतीची तेच. प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून फिरणं. आपण सूर्याकडे पाहतो, ते नदीकडे पाहायचे.

माळरान
बरोबर, आणि आपण एकटे नाही. हिब्रूत ‘केदेम’ म्हणजे समोर आणि पूर्व, ‘यामीन’ म्हणजे उजवा आणि दक्षिण. पश्चिमेला मात्र ‘याम’, म्हणजे समुद्र, कारण भूमध्य समुद्र तिकडे. उजव्या-डाव्याच्या मध्येच भूगोल घुसला. अरबीत ‘शमाल’ उत्तर आणि ‘शिमाल’ डावा. येमेन या नावाची एक व्युत्पत्ती ‘उजवीकडचा’ अशीच देतात. दख्खनही दक्षिणेवरूनच, म्हणजे येमेनी आणि आपण दोघेही ‘उजवीकडचे’.

‘प्राचीन’ हा शब्दही यातलाच. संस्कृतात त्याचा एक अर्थ ‘पूर्वेकडे तोंड केलेला’ आणि दुसरा ‘आधीचा’.

पाटकरी
मग उत्तर?

माळरान
‘उद्’ म्हणजे वर, त्याचं ‘उत्तर’, अधिक वरचा. उदीची तेच. आणि दक्षिणेला ‘अवाची’ असंही म्हणतात, खालची. म्हणजे आपल्या भाषेत उत्तर आधीपासूनच ‘वर’ आहे, छापील नकाशे यायच्या कितीतरी आधी. हिमालय वर असल्यामुळे असं काहीजण सांगतात. पटण्यासारखं आहे, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

नस्ती उठाठेव
आणि दक्षिण यमाची. पाय दक्षिणेला करून झोपलं की आजी उठवायचीच. हडप्पाच्या दफनांतही डोकं बहुधा उत्तरेला असतं म्हणे, म्हणजे पाय दक्षिणेलाच! पाच हजार वर्षं तीच समजूत!

अडगळ
एवढी लांब उडी नको राव. दफनं तशी आहेत, मान्य. पण सिंधू लिपी वाचता आलेली नाही, त्यामुळे ते दक्षिणेला काय म्हणायचे, यम-बिम होता का, काही कळत नाही. मघाशी त्या पेटीचं वाचलंत ना? इजिप्तच्या प्रेताचंही डोकं उत्तरेलाच होतं आणि त्याला यम माहीत नव्हता. शब्द हाताशी नसताना नुसत्या हाडांवरून श्रद्धा सांगू नये.

पाणवठा
मंडळी, खूप मिळालं. आता अडचण नेमकी कळली. ‘उत्तर’ या शब्दात मुळातच ‘वर’ आहे, म्हणून ‘वरचा इजिप्त’ वाचलं की मराठी मूल उत्तरेलाच बघणार. आणि ‘दक्षिण इजिप्त’ लिहिलं तर नदीच गायब होते. पांढरा मुकुट वरच्याचा, लाल मुकुट खालच्याचा, मग राजा दोन्ही घालतो, हे सगळं सांगताना नदी डोळ्यांसमोर हवी. मी ‘वरच्या अंगाचा इजिप्त’ आणि ‘खालच्या अंगाचा इजिप्त’ असं लिहितेय, पहिल्यांदा येईल तिथे दिशा देऊन.

पाटकरी
चांगलं आहे. शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही.

तळकोकणी
आमच्या पोरांना ‘वरचा’ पुरे होता. पण लांबलचक असलं तरी चालेल.

अडगळ
एक धोक्याची सूचना. लेखात नुबिया आला तर जपून. अस्वानच्या दक्षिणेला, पहिल्या आणि दुसऱ्या धबधब्याच्या मधला भाग म्हणजे ‘लोअर नुबिया’. तेव्हा वाक्य असं होतं: ‘खालच्या अंगाचा नुबिया हा वरच्या अंगाच्या इजिप्तच्याही वर आहे.’

पाणवठा
वाक्य बरोबर आहे ना?

अडगळ
शंभर टक्के.

पाणवठा
मग नुबिया पुढच्या अंकात.