तोफेच्या नळीवर गंज: खरेपणा की नुसता नखरा?

पस्तिसावा हिस्सा (धागाकर्ता)

गेला सव्वा महिना टेबलावर ब्रिटिशांची २५ पौंडी (साधारण २५ पौंडांचा गोळा टाकणारी) तोफ मांडून बसलोय. दुसऱ्या महायुद्धातली, १/३५ मापाचं मॉडेल. खरी तोफ साडेचार मीटरच्या वर लांब आणि १.६ टनांची. माझी १३ सेंमी, पंख्याच्या वाऱ्याने सरकते. नळी दोन उभ्या अर्ध्यांत येते. ती चिकटवून मधला सांधा पॉलिश पेपरने घालवण्यात एक आख्खा रविवार गेला, कारण जरा जास्त घासलं की गोल नळी चपटी होते. ऑक्टोबर १९४२, इजिप्तच्या वाळवंटातली एल अलामीनची लढाई असं ठरवून वाळूचा रंग मारला, खाचांमध्ये टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर सोडला, वर खडू खरवडून त्याची पूड. बाजूला दारूच्या चार रिकाम्या पितळी केसेस टाकल्या. मित्राला फोटो पाठवला. उत्तर आलं, "झकास. पण गंज कुठाय?"

म्हणून हा धागा. हल्ली कुठलंही मॉडेल बघा, तोफ समुद्राच्या तळातून वर काढल्यासारखी. नळीवर नारिंगी ओघळ, ढालीवर रंगाचे पोपडे. मला हे पटत नाही.

एक तर वाळवंट. गंज धरायला ओल लागते. तिथे रंग उन्हाने फिका पडतो, वाळूने घासला जातो, धुळीखाली झाकला जातो. दुसरं, त्या तोफेवर सहा माणसांचा जीव अवलंबून, ती गंजू देतील का? तिसरं साधं गणित. १/३५ मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या तोफेवर साडेतीन सेंटिमीटरचा. आपण स्पंजाने सहज ठिपके उठवतो, तेवढे खऱ्या तोफेवर पाडायला कुणाला तरी दिवसभर हातोडी चालवावी लागेल.

संदर्भ म्हणून आपण बघतो कुठल्या तोफा? कॅम्पातल्या फाटकाबाहेरच्या, चौकातल्या चबुतऱ्यावरच्या. त्यांना ग्रीस लागून किती पावसाळे झाले कोण जाणे. आजीचा आत्ताचा फोटो समोर ठेवून तिच्या लग्नातलं चित्र काढायचं, तसला प्रकार.

झीज जिथे खरंच व्हायची तिथे कोणी बघत नाही. या तोफेच्या ट्रेलखाली (मागे जमिनीला टेकणाऱ्या लांब शेपटाखाली) एक मोठं गोल लोखंडी चक्र टांगलेलं असतं. तोफ मांडायची तर ते जमिनीवर सोडायचं आणि चाकं त्यावर चढवायची. मग ट्रेलच्या शेपटाला दांडी अडकवून एकटा माणूस आख्खी तोफ कुठल्याही दिशेला वळवू शकतो. चाकं दिवसभर त्याच कडेवरून फिरणार, तेव्हा तिथला रंग जाऊन लोखंड उघडं पडायलाच हवं. मी त्या कडेवर शिसपेन्सिलीचं टोक घासलंय. फोटोत ते कुणालाच दिसलं नाही, हा भाग वेगळा.

गंजवाल्यांनी आपली बाजू मांडावी. (रंग वाळूचा की गुलाबीसर यावर कृपया वेगळा धागा काढा.)

नाटकवेडी

असहमत. मी बरीच वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा करते. विंगेत जवळून बघितलं तर नटाच्या भुवया कोळशाने ओढल्यासारख्या दिसतात. शेवटच्या रांगेतून बघा, माणूस दिसतो.

१३ सेंमीच्या वस्तूवर खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड पडतो. त्याने रिव्हेटच्या सावल्या पडतच नाहीत, त्या रंगवाव्या लागतात. तुम्ही तरी बर्न्ट अंबर कशाला सोडलात? खऱ्या तोफेच्या खाचांत कोणी तपकिरी पाणी ओतत होतं का? तुमची अतिशयोक्ती ती कला आणि आमची तो नखरा, असं कसं? गणित करून रंगवलेलं मॉडेल दोन फुटांवरून प्लास्टिकचं खेळणं दिसतं.

पस्तिसावा हिस्सा

ताई, भुवया ठळक करा, माझी ना नाही. पण नारिंगी ओघळ म्हणजे पेशव्याच्या मनगटावर घड्याळ.

तोफखाना गल्ली

धागाकर्ते, तुमचं अलामीन तुमच्यावरच उलटवतो. २३ ऑक्टोबरच्या रात्री ९.४० ला मारा सुरू झाला. पुढच्या बारा दिवसांत ८३४ पंचवीस पौंडी तोफांनी मिळून दहा लाखांच्या वर गोळे टाकले. तोफेमागे रोज सरासरी १०२, म्हणजे एकेका नळीतून बाराशेच्या वर. एवढं तापल्यावर नळीवरचा रंग जागेवर राहील? फुगणार, जळणार, सुटणार. तुमची नळी तर शोरूममधून थेट आलीय.

आणि नळीच्या टोकाला तो मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) का लावलाय? रणगाड्यांवर २० पौंडी भरीव गोळा जादा दारू घालून मारताना तोफ उसळायची, म्हणून तो आला. बहुतेक तोफांना अलामीननंतर बसला. गंजावरून भांडण्याआधी तो कापा.

पस्तिसावा हिस्सा

ब्रेकचं खरं आहे. किटमध्ये आला तसा चिकटवला, खाली पाटी मात्र अलामीनची. कापतो.

जळका रंगही मान्य. पण जळलेला रंग राखाडी-तपकिरी, मळका दिसतो. तवा जसा दिसतो तसा. त्याला गंज म्हणून खपवू नका.

पावसाळी डबा

मी रत्नागिरीत राहतो. सायकलची चेन चार दिवस विसरलो की लाल. तुम्ही सोयीने वाळवंट निवडलंत म्हणून तुमचं बरोबर निघतंय. हीच तोफ १९४४ च्या पावसात इंफाळला नेऊन ठेवा, मग बोलू.

आणि 'तोफेला जपायचे' ठीक, पण लढाई जपून होत नाही. हवालदार उमराव सिंग आठवा. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कालादान खोरं. ३.७ इंची डोंगरी तोफ, सुटी करून आठ खेचरांवर लादायची ती. जपानी थेट तोफेपर्यंत आले, काडतुसं संपली, तेव्हा उमराव सिंग तोफेची जड लोखंडी दांडी घेऊन भिडले. सहा तासांनी सात जखमांनिशी बेशुद्ध सापडले, आजूबाजूला दहा जपानी मरून पडलेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोफही परत हाती आली आणि त्याच दिवशी पुन्हा कामाला लागली. त्या तोफेवर टवके नसतील?

तोफखाना गल्ली

टवके असतीलच. पण डबासाहेब, डिसेंबरात तिथे पाऊस नसतो. तुमचा गंज पुन्हा कोरडाच राहिला :)

निवृत्त नंबर तीन

नमस्कार मंडळी. नातू असली मॉडेलं करतो, त्याने हे वाचायला दिलं. १०५ मिमी तोफ यायच्या आधी आमच्याकडे हीच तोफ होती. नंबर तीन म्हणजे निशाणा लावणारा. साइट डावीकडे, दोन्ही हातचाकं डावीकडे, बसायची जागाही डावीकडे. ब्रीच (नळीचं मागचं तोंड) उघडणारा नंबर दोन उजव्या अंगाला. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच झिजवल्यात तर आम्हाला लगेच कळतं की रंगवणारा तोफेवर बसलेला नाही.

गंजाचं म्हणाल तर, नळीला गंज दिसला की आधी आमची खरडपट्टी, मग गंजाची. फायरिंग संपलं की हात गळून गेलेले असले तरी लांब दांड्याला ब्रश लावून सगळ्यांनी मिळून नळी घासायची, मग तेल. पायदळाला निशाण असतं, तोफखान्याची तोफ हेच निशाण. दसऱ्याला तिला हार घालायचो.

पण चकचकीतही नव्हती हो. टवका पडला की ब्रशने वर रंग, आणि स्टोअरमधून येईल त्या डब्यातला. शेड कधी जुळली नाही. जवळून बघितलं तर ठिगळंच ठिगळं. ते मात्र मॉडेलवर कुणी करताना दिसत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या सलामीला असायच्या त्या २५ पौंडी वेगळ्या (२०२३ पासून तिथेही १०५ आली), त्या नवरीसारख्या नटलेल्या. त्यांच्यावरून आमच्या तोफा रंगवू नका.

अजून एक. पितळी केसमध्ये दारूच्या तीन पिशव्या असतात: लाल, पांढरी, निळी. पूर्ण पल्ला नको असेल तर निळी काढून टाकायची, आणखी जवळ मारायचं तर पांढरीही. तुमच्या फोटोत रिकाम्या केसेस पडल्यात, त्याऐवजी ट्रेलजवळ चार निळ्या पिशव्या टाका. तोफ चाललीय हे त्यावरून कळेल. केसेस आम्ही मोजून परत करायचो, अशा लोळत नाही ठेवायचो.

गोंद आणि गोंधळ

काका, निळ्या पिशवीसाठी दंडवत.

माझा विषयाशी अर्धवट संबंधित अनुभव: जुलैत डोंबिवलीत जर्मन ८८ मिमी तोफेच्या मॉडेलवर मॅट व्हार्निश मारलं. हवेत एवढी ओल की दहा मिनिटांत सगळी तोफ पांढुरकी. आता खाली 'रशियन आघाडी, हिवाळा' अशी पाटी लावलीय. कुणी अजून हटकलेलं नाही.

नाटकवेडी

ठिगळांची कल्पना मी चोरतेय, काका. फक्त ती ठिगळंसुद्धा मी खऱ्यापेक्षा ठळक करणार, माझा मुद्दा सोडलेला नाही. तुम्हीच म्हणालात की शेडा जुळायच्या नाहीत. शेजारच्या खोलीतून दिसेल इतक्या न जुळणाऱ्या करेन.

पस्तिसावा हिस्सा

काल रात्री बसलो. नळीच्या मधल्या भागावर तवा-जळका रंग, ढालीवर डावीकडे तीन ठिगळं (एक जरा पिवळट), डाव्या हातचाकाच्या मुठीवर पेन्सिल. उजवं अंग तुलनेने सोडून दिलं. पिशव्या जुन्या निळ्या रुमालाच्या कापून केल्या, तर प्रत्येक पिशवी उशीएवढी दिसायला लागली, कापडाची वीणच जाड. शेवटी पुटीची गोळी करून रंगवली.

मग मझल ब्रेक कापला. करवत घसरली आणि नळी एक मिलिमीटर आखूड झाली. म्हणजे खऱ्या तोफेची साडेतीन सेंटिमीटर. गणित माझंच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू?

तोफखाना गल्ली

टवका म्हणून दाखवा :)

निवृत्त नंबर तीन

नळीच्या तोंडाला कॅनव्हासची टोपी घाला. वाळू आत जाऊ नये म्हणून ती असतेच. आखूड टोक तिच्या आत गेलं की शोधून सापडणार नाही.

पस्तिसावा हिस्सा

टिश्यू पेपर, फेव्हिकॉलचं पाणी आणि वरून कोरा चहा. वाळत घातलीय. काका, दोरीची गाठ वर येते की खाली?