‘द साउंड ऑफ म्युझिक’चे मराठी रूपांतर : मूळ रंगावृत्ती धरावी की चित्रपट?

कोथरूडचा रसिक

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या हौशी नाट्यसंस्थेने ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे मराठी रूपांतर रंगमंचावर आणायचे ठरवले आहे. मठातून आलेली मारिया ऑस्ट्रियातील विधुर कॅप्टन ट्रॅपच्या सात मुलांना सांभाळायला जाते, त्याच्या प्रेमात पडते आणि नाझी सत्ता आल्यावर सगळे कुटुंब देश सोडते, अशी ही संगीतिका आहे. मे २०२३ मध्ये मुंबईच्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात या संगीतिकेचे इंग्रजी प्रयोग झाले, तेव्हापासून हा विषय संस्थेत घोळत होता. पहिल्याच वाचनाला मात्र पेच उभा राहिला. आम्हा सर्वांच्या मनात १९६५चा चित्रपट पक्का बसलेला आहे. पण १९५९च्या न्यूयॉर्कमधील मूळ प्रयोगाची ध्वनिमुद्रिका ऐकली, तेव्हा ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ मारिया मुलांसमोर न गाता मठाच्या प्रमुख मदर ॲबेसबरोबर गाताना आढळली आणि ‘हाउ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह’, ‘नो वे टू स्टॉप इट’, ‘ॲन ऑर्डिनरी कपल’ ही तीन गाणी तर आमच्यापैकी कोणी कधी ऐकलेलीही नव्हती. नंतरच्या पुनरुज्जीवित प्रयोगांनी यातून कोणती वाट काढली आणि आम्ही कोणती संहिता आधाराला घ्यावी, यावर जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

विंगेतला

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मूळ प्रयोग १६ नोव्हेंबर १९५९ रोजी लंट-फॉन्टॅन नाट्यगृहात सुरू झाला. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, गीते ऑस्कर हॅमरस्टाइन यांची आणि संहिता हॉवर्ड लिंडसे व रसेल क्राउस यांची होती. मेरी मार्टिन मारियाच्या आणि थिओडोर बिकेल कॅप्टनच्या भूमिकेत होते. त्याचे १,४४३ प्रयोग झाले. १९६१ पासून लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये झालेल्या प्रयोगांची संख्या तर २,३८५ वर गेली. म्हणजे चित्रपट येण्यापूर्वीच हे नाटक स्वतःच्या पायांवर भक्कम उभे होते आणि त्याची मांडणीही चित्रपटाहून कडक होती.

आपण न ऐकलेल्या तीन गाण्यांपैकी ‘ॲन ऑर्डिनरी कपल’ गळले, त्याचे मला विशेष दुःख नाही. ते खरोखरच मवाळ गाणे आहे. उरलेली दोन मात्र कॅप्टनचा मित्र मॅक्स आणि कॅप्टनशी लग्न ठरलेली एल्सा या पात्रांचा प्राण आहेत. ‘नो वे टू स्टॉप इट’मध्ये ही दोघे कॅप्टनला अगदी हसतखेळत, चालीच्या ठेक्यावर सांगतात की येणारी नाझी सत्ता येणारच आहे, तेव्हा वाऱ्याला पाठ द्यावी आणि स्वतःपुरते पाहावे. कॅप्टन ऐकत नाही आणि त्याचा एल्साशी ठरलेला विवाह तिथेच मोडतो. चित्रपटात तो मोडतो, कारण कॅप्टनचे मन मारियाकडे वळलेले एल्साच्या लक्षात येते. रंगावृत्तीत प्रेमाच्या आधी राजकारण येते आणि म्हणूनच शेवटी नाझी नौदलाची नेमणूक नाकारणारा कॅप्टन आपल्याला ओळखीचा वाटतो. दोन तास शिट्टी वाजवून मुलांना हुकूम देणाऱ्या गृहस्थाला अचानक शौर्याचा झटका आला, असे वाटत नाही.

शेवटाकडेही पाहावे. मठात लपलेल्या कुटुंबाचा शोध घ्यायला थोरली मुलगी लिझल हिचा, नाझींना सामील झालेला मित्र रॉल्फ येतो. चित्रपटात तो शिट्टी फुंकून सर्वांना सावध करतो. नाटकात त्याची आणि लिझलची नजरानजर होते, क्षणभर तो थांबतो आणि ‘इथे कोणी नाही’ असे वरिष्ठाला ओरडून सांगतो. एका नवख्या नटासाठी मराठी रंगमंचावर याहून चांगला क्षण कोणता असेल? माझे मत सरळ आहे : रंगावृत्तीच धरावी आणि ‘नो वे टू स्टॉप इट’ला कात्री लावू नये.

तिसरी घंटा

वरील मताचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. पुनरुज्जीवनांचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक पिढीच्या निर्मात्याला चित्रपटापुढे थोडेबहुत नमते घ्यावे लागले आहे. चित्रपटासाठी रॉजर्स यांनी ‘आय हॅव कॉन्फिडन्स’ आणि ‘समथिंग गुड’ ही दोन गाणी शब्दांसह स्वतः रचली, कारण हॅमरस्टाइन ऑगस्ट १९६० मध्येच निवर्तले होते. १९९८ मध्ये रेबेका ल्यूकर यांना घेऊन ब्रॉडवेवर नाटक परत आले, तेव्हा ही दोन्ही गाणी त्यात घेतली गेली. २००६ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये जो प्रयोग झाला, त्याची मारिया तर प्रेक्षकांनीच दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेतून मत देऊन निवडली होती. कॉनी फिशर हे तिचे नाव. अशा रीतीने आलेला प्रेक्षक चित्रपट मनात घेऊनच खुर्चीत बसतो.

उलट, डिसेंबर २०१३ मध्ये एनबीसी वाहिनीने कॅरी अंडरवूड यांना घेऊन रंगावृत्तीच थेट प्रक्षेपित केली. वादळाच्या रात्री मारिया मुलांना ‘द लोनली गोटहर्ड’ म्हणून दाखवते, हे पाहून गाणे चुकीच्या जागी घातले, अशी कुरकुर अनेक घरांत झाली असणार. वास्तविक नाटकातली मूळ जागा तीच आहे. यावरून मी असे म्हणेन की कथानक रंगावृत्तीचे ठेवावे, मात्र ‘ॲन ऑर्डिनरी कपल’च्या जागी ‘समथिंग गुड’ घ्यावे. तसे केल्याने विंगेतल्यांच्या राजकीय प्रवेशाला कोठेही धक्का लागत नाही.

कॅम्पातली अल्टो

मी लष्कर भागातील एका चर्चच्या गायकवृंदात अनेक वर्षे गाते, म्हणून केवळ संगीताविषयी लिहिते. नाटकाचा पडदा चित्रपटासारखा डोंगरावर उघडत नाही, मठात उघडतो, आणि सुरुवातीला नन्सचे लॅटिन प्रार्थनागीत आहे. त्यात स्त्रियांच्या आवाजांच्या वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी चालतात. आपल्याकडे नाट्यसंगीतात वाढलेली मुलगी तान उत्तम घेईल, पण शेजारची तीन सूर वर असताना स्वतःचा खालचा सूर न सोडता धरून ठेवण्याची सवय तिला नसते. वरच्या ओळीकडे कान जातो आणि चौथ्या मात्रेला सगळ्या जणी एकाच सुरावर गोळा होतात. आमच्याकडे नव्या गायिकांचे हेच होते. त्यांना सुरुवातीचे कित्येक आठवडे पेटीवर फक्त स्वतःची ओळ देऊन बसवावे लागते. नाट्यतालमीच्या आधी स्वतंत्र गायनतालीम ठेवावी, एवढेच सुचवते. मदर ॲबेसचे ‘क्लाइम्ब एव्हरी माउंटन’ हे पहिल्या अंकाचे शेवटचे गाणे आहे. त्याला पल्ला असलेला आवाज मिळत नसेल, तर मारिया कितीही गोड असली तरी मध्यंतर पडेल तेव्हा सभागृह गारच राहील.

कॅप्टनच्या ‘एडलवाइस’ या गाण्याबद्दल जाता जाता : हे ऑस्ट्रियाचे लोकगीत नाही, हॅमरस्टाइन यांनी लिहिलेले हे शेवटचे गीत आहे. बॉस्टनमधील पूर्वप्रयोगांच्या वेळी, बिकेल गिटार वाजवून गात असत हे लक्षात घेऊन ते घालण्यात आले. त्याला वाद्यवृंद नको. एक गिटार आणि एक थकलेला आवाज पुरे.

सदाशिव पेठ, कायदेशीर

सर्वांनी कलेचे पाहिले, मी कागदाचे पाहतो. रॉजर्स १९७९ मध्ये वारले आणि भारतीय कायद्यानुसार लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्व हक्क टिकतो. म्हणजे संगीत २०३९ अखेरपर्यंत मोकळे होत नाही. तिकीट न लावता हौशी संस्थेने प्रयोग केल्यास कायद्यात सवलत आहे, असे कोणी तरी सांगेल. ते खरे आहे, पण ती सवलत सादरीकरणापुरती आहे. भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्क तिच्यात येत नाही. रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्या नाटकांचे परवाने कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स देते. चित्रपटातील गाणी घ्यायची असली, तर तेही अर्जात स्पष्ट लिहावे. हा पत्रव्यवहार उरकल्याशिवाय नाट्यगृहाची तारीख घेऊ नये. मराठी संहिता तयार झाली की ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही पाठवावी लागेल.

कोथरूडचा रसिक

सर्वांचे मनापासून आभार. कागदपत्रांचे काम प्रथम हाती घेतो. कथानक रंगावृत्तीचे घ्यायचे, हे जवळजवळ ठरल्यासारखे आहे. एक शंका अजून उरते. सात मुले कोठून आणावीत? परीक्षा, शिकवण्या आणि पालकांच्या वेळा सांभाळून महिनोन्‌महिने तालीम होणे कठीण दिसते. शिवाय कथा ऑस्ट्रियातच ठेवावी की इकडे आणावी, यावर संस्थेत दोन तट पडले आहेत.

विंगेतला

मुलांबाबत परदेशी व्यावसायिक निर्मितीतही मुलांचे दोन-तीन संच असतात आणि ते आलटून पालटून उभे राहतात. आपल्याला ते झेपणार नसेल, तर पुण्यातच दुसरा मार्ग आहे. बर्लिनच्या ग्रिप्स या बालरंगभूमीची पद्धत १९८६ मध्ये मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने थिएटर ॲकॅडमीने इथे आणली, तेव्हापासून मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि समोर बसलेली मुले ते बिनतक्रार स्वीकारतात. सर्वांत धाकटी ग्रेटल तेवढी खरी लहान मुलगी घ्यावी आणि बाकीचे सहा जण महाविद्यालयीन नट असावेत. लिझल सोळा वर्षांचीच आहे, त्यामुळे तिथे काही ओढाताण होणार नाही.

स्थळाचे म्हणाल तर ऑस्ट्रियाच ठेवावे. परकी संगीतिका पूर्णपणे इकडची करून दाखवण्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे : ब्रेख्टच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘तीन पैशाचा तमाशा’, थिएटर ॲकॅडमी, १९७८, दिग्दर्शक जब्बार पटेल. पण तिथे चोर, भिकारी आणि पोलीस होते, आणि ते कोणत्याही शहरात सापडतात. इथे १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्याची विशिष्ट घटना आहे. ती काढून संस्थान आणि इंग्रज रेसिडेंट आणला, तर मॅक्सची तडजोड आणि रॉल्फचा गणवेश यांचा अर्थच बदलतो.

तिसरी घंटा

स्थळाबद्दल सहमत. तरी परगावच्या कथेत तपशिलाचा फार बडेजाव करू नये, कारण नाटकानेच इतिहासाशी बरीच सलगी केली आहे. खऱ्या मारियाचे लग्न १९२७ मध्येच झाले होते आणि कुटुंब नाटकातल्याप्रमाणे डोंगर ओलांडून नव्हे, तर आगगाडीने इटलीला गेले. खुद्द ऑस्ट्रियात या संगीतिकेकडे दीर्घकाळ कोणी फिरकले नाही. व्हिएन्नाच्या फोल्क्सऑपरने ती २००५ मध्ये घेतली आणि साल्झबुर्गच्या लांडेसथिएटरमध्ये तर ती २०११ मध्ये आली. तेव्हा नेपथ्यात आल्प्स रंगवण्यावर पैसे घालू नयेत. मठाची एक कमान, घराचा एक जिना आणि ट्रॅप कुटुंब गाता गाता निसटते त्या शेवटच्या संगीत महोत्सवाच्या प्रवेशात मागे टांगलेला नाझी ध्वज एवढे पुरेल. त्या प्रवेशात सभागृहातल्या प्रेक्षकांनाच महोत्सवाचे प्रेक्षक मानावे आणि दोन गणवेशधारी प्रेक्षागृहाच्या दारांशी उभे करावेत. ट्रॅप कुटुंब निरोपाचे गाणे म्हणत एकेक करून विंगेत जाईल, तेव्हा लोक त्या दारांकडे वळून पाहतील.