रोजच्या कामाला कुठला डेटाबेस क्लायंट (डेटाबेसला जोडून क्वेऱ्या चालवायचं सॉफ्टवेअर) वापरता?

प्रश्न:
सध्या पोस्टग्रेसला पीजीअ‍ॅडमिन, मायएसक्यूएलला वर्कबेंच असं चाललंय, शॉर्टकट वेगळे, सेव्ह केलेल्या क्वेऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी, त्यात मधूनच एसक्यूलाइटची फाइल उघडायची वेळ येते. ऑफिसात विंडोज, घरी लिनक्स. सगळं एकात होईल आणि प्रॉडक्शनवर (खऱ्या, चालू डेटाबेसवर) चुकून काही चालणार नाही असं सुचवा ना. पैसे भरायचीही तयारी आहे.

उत्तर १:
डीबीव्हर कम्युनिटी घ्या. फुकट, ओपन सोर्स, जेडीबीसी ड्रायव्हरवर (वेगवेगळ्या डेटाबेसना जोडायची जावाची ठरलेली पद्धत) चालतं त्यामुळे तिन्ही डेटाबेस डावीकडे एकाच यादीत दिसतात. एक्लिप्स या जावा प्लॅटफॉर्मवर बांधलंय म्हणून उघडायला वेळ लागतो आणि रॅमही खातं, पण दिवसभर उघडंच असतं तर काय फरक पडतो. प्रॉडक्शनचं म्हणाल तर कनेक्शन टाइप 'प्रॉडक्शन' करून टाका, लाल रंग चढतो आणि ऑटो कमिट (बदल आपोआप पक्का होणं) बंद होतं, मग अपडेट मारलं की खाली किती रो बदलल्या ते वाचायचं, आकडा पटला तरच कमिट, नाहीतर सरळ रोलबॅक, म्हणजे बदल मागे. आणि हो, ग्रिडमध्ये सुरुवातीला २०० च रो येतात, टेबलात तेवढ्याच आहेत असं समजू नका, नवीन लोक इथे हमखास गोंधळतात.

उत्तर २:
ऑटो कमिट बंद ठेवणार असाल तर एक कळकळीची विनंती, काम झालं की कमिट किंवा रोलबॅक कराच. पोस्टग्रेसमध्ये मग साध्या सिलेक्टनेही (नुसता डेटा वाचणाऱ्या क्वेरीनेही) ट्रान्झॅक्शन (कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंतचं एकत्र काम) उघडतं, तुम्ही तसेच मीटिंगला गेलात की सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' मध्ये, म्हणजे काही न करता ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून, लटकतं. तेवढ्यात कोणी त्याच टेबलावर ऑल्टर (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवलं तर ते तुमच्या ट्रान्झॅक्शनने टेबलावर धरलेल्या लॉकपाशी अडकतं आणि त्याच्यामागे बाकीच्या क्वेऱ्यांची रांग लागते, अ‍ॅप ठप्प, आणि दोष कुणाचा ते कुणालाच कळत नाही. सर्व्हरवर अशा सेशनला टाइमआउट लावता येतो, तो लावून घ्या. प्रॉडक्शनसाठी फक्त सिलेक्टची परवानगी असलेला वेगळा युजरच मागा. क्लायंटमधली रीड-ओन्लीची टिक कोणीही काढू शकतं, डेटाबेसने नाकारलेलं मात्र कुठल्याच क्लायंटमधून होत नाही.

उत्तर ३:
दिवसभर मोठमोठ्या क्वेऱ्या लिहिणार असाल तर डेटाग्रिप बघाच. जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) लिहायला घेतला की फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा) बघून ऑनची अट, म्हणजे कुठले कॉलम जुळवायचे ते, स्वतःच सुचवतं, अलियसच्या (टेबलाला दिलेल्या छोट्या नावाच्या) कॉलमलाही अडखळत नाही. २०२५ पासून बिगर-व्यावसायिक वापराला फुकट आहे, म्हणजे घरी चालेल, ऑफिसच्या कामाला लायसन्स लागेल. नुसतं विंडोज आणि मायएसक्यूएल असतं तर हायडीएसक्यूएल म्हटलं असतं, एकदम हलकं आहे.

प्रश्नकर्ता:
डीबीव्हर टाकलं, छान वाटतंय, युजरसाठी पण विचारलंय. पण एसएसएच टनेल (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून तिच्यातून डेटाबेसला जोडायची वाट) लावला की कनेक्शन नाकारलं असं येतंय, सर्व्हरचा पत्ता तर दोन्हीकडे बरोबर टाकलाय.

उत्तर १:
दोन्हीकडे तोच पत्ता नको. एसएसएचच्या टॅबमध्ये ज्या मशीनवर लॉगिन करता तिचा पत्ता, आणि मेन टॅबमध्ये त्या मशीनवरून डेटाबेस जसा दिसतो तसा. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर मेन टॅबमध्ये नुसतं लोकलहोस्ट (म्हणजे 'हीच मशीन') टाकून बघा.